चार तासांची खुर्ची

घरातला जुना सोफा दुरुस्तीला आला, की सोफावाला आधी त्याच्याकडे पाच मिनिटं नुसता बघत उभा राही. मग सांगे, तुमच्याकडे कुणीतरी सारखं डाव्या कुशीवर रेलून टीव्ही बघतं, कुणाला तरी गुडघ्याचा त्रास आहे म्हणून उठताना या हातावर सगळा भार येतो, आणि मधल्या जागेवर कुणीच बसत नाही. गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राही. एकदा एका जोडप्याचा सोफा आला होता. दोन टोकांना दोन खड्डे आणि मधला फोम कोरा करकरीत. सोफावाल्याने काही न बोलता टोकांना कडक फोम घातला आणि मध्ये मऊ. महिन्याभराने त्यातली बाई दुकानात येऊन म्हणाली, तुम्ही काहीतरी गडबड करून ठेवलीत, आता हे सारखे माझ्या अंगावर घसरतात. पण दुरुस्त करून द्या, असं काही ती म्हणाली नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिवणयंत्र, मागे कामाचं टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या रेक्झिनच्या आणि कापडाच्या गुंडाळ्या. चाळीस वर्षं तो याच खोलीत खुर्च्या उघडत आणि बंद करत आला होता. पूर्वी पिना मारायची बंदूक नव्हती, तेव्हा बारीक खिळे ओठांत धरून एकेक ठोकायचा. त्याची बायको म्हणे, जन्मभर तोंडात खिळे धरल्यावर माणूस बोलणार कसा? घरातलं बोलायचं खातं म्हणून तिच्याकडे होतं. गिऱ्हाइकांशी ती बोले, लेकीच्या शाळेत ती जाई, भांडायचं तर भाडेकरूंशी तीच भांडे. हा नुसता मान डोलवी, आणि त्यात त्याचं छान चाललं होतं.

बावन्नाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब वाढत होता म्हणे, कितीतरी वर्षं; पण डोकं दुखलं की ती एक गोळी घेई आणि कामाला लागे. रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. सोफावाला तिला दुकानाच्या मालाच्या तीनचाकी टेम्पोतून नेई, दाराशी सोडी आणि बाहेरच्या बाकावर बसून राही. अडीच वर्षं असं चाललं. मग तिच्या रक्तात जंतू शिरले, हृदय दमलं आणि ती गेली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

दोन वर्षांनी एक दिवस पोस्टाने तिच्या नावाने पाकीट आलं. किडनीच्या रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिचं. डायलिसिस केंद्र त्याच संस्थेचं. यादीतून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. आत एक पत्रक होतं. संस्थेला तुम्ही कशी मदत करू शकता, असं वर छापलेलं आणि खाली बरंच काही: देणगी द्या, वर्षातून एकदा निघणाऱ्या चालण्याच्या मोहिमेत या, रुग्णांना केंद्रावर ने-आण करा, एकट्या रुग्णाला आठवड्यातून एक फोन करा, शाळा-कारखान्यांत जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घेण्याविषयी बोला, मरणोत्तर अवयवदानाचं कार्ड भरा. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, किंवा तुम्हाला जे येतं ते करा.

त्याने पत्रकाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. तीन दिवस ते खिशात होतं. चौथ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो संस्थेत गेला.

संस्थेचं कार्यालय केंद्राच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथलं सगळं एक ताई बघत. पन्नाशीच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि तो शोधण्यात दिवसातला अर्धा तास जाणारा. त्यांनी त्याला ओळखलं. बायकोची आठवण काढली, पण लांबण लावली नाही. काय करायला आवडेल, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, सांगाल ते.

आधी त्यांनी त्याला फोनचं काम दिलं. एकटे राहणारे एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांना दर गुरुवारी फोन करायचा आणि जरा गप्पा मारायच्या. सोफावाल्याने फोन लावला. कसे आहात, विचारलं. मास्तर म्हणाले, बरा आहे. त्यानंतर काय बोलायचं ते त्याला सुचेना. फोन ठेवून देणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो तसाच कानाला लावून बसला. मास्तरही बसले. सहा मिनिटांनी मास्तरांनी दुसऱ्या फोनवरून ताईंना कळवलं, की लाइनमध्ये काहीतरी बिघाड आहे, माणूस असल्याचा आवाज येतो पण बोलण्याचा येत नाही.

मग ताईंनी त्याला एका कापड गिरणीत नेलं. जेवणाच्या सुट्टीत कामगारांसमोर दोन शब्द बोलायचे होते आणि नंतर ज्यांना हवं त्यांचा रक्तदाब मोजायचा होता. त्याने आदल्या दिवशी भाषण कागदावर लिहून काढलं होतं. समोर दीडशे माणसं पाहिली आणि कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. शेवटी तो म्हणाला, "माझ्या बायकोचं बीपी कुणी मोजलं नव्हतं. मीपण नाही." आणि खाली उतरला. त्या दिवशी तपासणीच्या टेबलासमोर रांग लागली ती सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी हटेना, असं ताई नंतर सगळ्यांना सांगत. ताई आपलं मन राखतात, असंच त्याला वाटे.

अवयवदानाचं कार्ड मात्र त्याने दुकानात आणून लगेच भरलं. डोळे, किडन्या, जे चालेल ते, आपण गेल्यावर घ्या. सही करताना हात जरासुद्धा अडला नाही. आणि हात अडला नाही हेच त्याला दिवसभर टोचत राहिलं. मेल्यावर द्यायला कसली आलीये भीती, असं त्याच्या मनात येई आणि तो यंत्राचं पायडल जोरात दाबी.

ते कार्ड द्यायला गेला तेव्हा जिना उतरताना केंद्राचं दार उघडं होतं. आत सहा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र. खुर्च्यांवर माणसं होती, पण सोफावाल्याची नजर सवयीने आधी खुर्च्यांवर गेली. रेक्झिनला भेगा पडलेल्या. भेगांवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर आणखी पट्ट्या. डाव्या हातांची गादी सगळीकडे दबून लाकडाला लागलेली. तो पुन्हा जिना चढून वर गेला.

"त्या खुर्च्या मी करतो," तो ताईंना म्हणाला. ताईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता.

पहिली खुर्ची त्याने दुकानात आणली आणि आठ दिवस तिच्यावर जीव ओतला. गडद तपकिरी रंग, पाठीला बटणं मारून पाडलेल्या चौकटी, कडांना पायपिंग म्हणजे दोरी भरलेली किनार, हातांना दुहेरी शिवण. एखाद्या मोठ्या साहेबाच्या दालनात शोभावी अशी. टेम्पोतून ती उतरवताना येणारे-जाणारे थांबून बघत होते.

केंद्रातल्या मुख्य सिस्टर तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. चेहऱ्यावरूनच त्याला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"काका, खुर्ची देखणी झालीये," त्या म्हणाल्या, "पण इथे नाही चालायची."

त्यांनी अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवलं. इथे रक्ताचा थेंब पडला तर तो या दोऱ्यात मुरणार, म्हणाल्या. एक पेशंट उठला की दुसरा बसायच्या आत आम्ही सगळी खुर्ची औषधाने पुसतो. बटणांच्या खळग्यांत फडकं पोचत नाही. पायपिंगच्या खाली घाण राहते. आमच्या पेशंटना साधे जंतूसुद्धा महागात पडतात. आवाज मऊ होता, पण म्हणणं ठाम होतं. सोफावाल्याला बायकोच्या रक्तात शिरलेले जंतू आठवले. कुठून आले ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. तो नुसता मान डोलवत उभा राहिला.

चाळीस वर्षांत त्याचं काम कुणी परत केलं नव्हतं. मनातून तो खट्टू झाला, पण सिस्टरांचं चूक नव्हतं हेही कळत होतं. आपण खुर्ची बघितली, तिच्यात बसणारा माणूस बघितलाच नाही. दोन दिवसांनी तो सिस्टरांकडे गेला आणि म्हणाला, मला चार तास बसू द्या. आधी त्यांना कळेचना. मग एक दिवस सकाळच्या पाळीचा एक पेशंट गावाला गेला होता, त्याच्या जुन्या खुर्चीत त्यांनी याला बसवलं. डावा हात गादीवर सरळ ठेवायला लावला आणि बजावलं, हा हात हलवायचा नाही. यात सुया आहेत असं समजा.

शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, वाचनालयात काम करणाऱ्या. त्यांच्या हातातून रक्त नळीने यंत्रात जात होतं आणि दुसऱ्या नळीने परत येत होतं. त्यांनी याला पहिलाच सल्ला दिला, तो घड्याळाकडे न बघण्याचा. "आपण बघितलं की ते थांबतं," त्या म्हणाल्या.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात कोपर लाकडावर घासायला लागलं. हात हलवायचा नाही म्हणताच नाकाला खाज सुटली. मग टाचा दुखू लागल्या. टाचांवर इतका भार येत असेल हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या तासात कंबर. मधेच पलीकडच्या एका पेशंटचा रक्तदाब एकदम उतरला. सिस्टर धावल्या, खुर्ची मागे पाडायला गेल्या तर तिचा दांडा अडकला. दुसऱ्या झटक्याला सुटला. पाच-सात सेकंदांचा खेळ, पण दांडा नेमका कुठे अडतो ते सोफावाल्याने बघून ठेवलं.

आणि मग त्याला बायको दिसायला लागली. चार तासांनी ती बाहेर येई, तेव्हा तो विचारी, काही त्रास झाला का? ती म्हणे, छे, खुर्ची बरी आहे. तेवढंच. अडीच वर्षांत तो एकदाही आत आला नव्हता. मधे दहा मिनिटं जवळ बसायला परवानगी असे. बाकीची माणसं जात. हा जात नसे, कारण आत गेलं की तिच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.

गोष्ट अशी होती. डायलिसिस सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांनी डॉक्टरांनी दोघांना खोलीत बोलावून समजावलं होतं, की घरातलं कुणी किडनी देऊ शकत असेल तर उत्तम. लेकीने लगेच तयारी दाखवली. पण तिचं मूल तेव्हा अंगावर पीत होतं, आणि आईने तिला साफ उडवून लावलं. मग डॉक्टरांनी याच्याकडे बघितलं. हा म्हणाला, विचार करून सांगतो. त्याला भीती वाटली होती, साधी, पोटातली भीती. चाकूची, भुलीची, एका किडनीवर पुढे काय होईल याची. घरी आल्यावर बायको म्हणाली, राहू दे हो, दुकान कोण बघेल. त्या वाक्याचा त्याने आधार घेतला. एक ऑर्डर संपू दे, मग दुसरी. आठ महिने गेले. तिने पुन्हा विषय काढला नाही, यानेही नाही. शेवटी एका सकाळी तो कुणाला न सांगता डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, माझं रक्त तपासा. डॉक्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. तिचं हृदय आता ऑपरेशन पेलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ती त्यानंतर दीडेक वर्ष होती. तपासायला गेलो होतो, हेसुद्धा त्याने तिला सांगितलं नाही.

चौथा तास संपला तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, "काय हो, कळलं का काही?" तो म्हणाला, कळलं.

मग त्याने खुर्च्या केल्या. बसायची आणि पाठीची गादी एकाच अखंड रेक्झिनमधून, ताणून, सगळे जोड खालच्या बाजूला. वर एक टाकासुद्धा नाही. टाचांखाली मऊ फोम, कमरेला थोडा उठाव. डाव्या हाताला त्याने उथळ पन्हाळीसारखी गादी केली, म्हणजे हात आपोआप सरळ पडून राहील. आणि ती काढून धुता येईल अशी ठेवली. ज्यांचा उजवा हात यंत्राला जोडतात त्यांच्यासाठी तशीच उजवी. मागे पाडायचा दांडा उघडून साफ केला, तेल दिलं, एका बोटाने पडेल असा केला. अशी पहिली खुर्ची आली तेव्हा सिस्टरांनी तिच्यावर रक्ताऐवजी लाल औषध ओतलं, एकदा फडकं फिरवलं आणि फडकं उलटून बघितलं. "आता झाली," म्हणाल्या. चार महिन्यांत सहाही खुर्च्या झाल्या. त्यानंतरही तो दर सोमवारी यायचा, कुठे भेग पडलीये का, दांडा अडतोय का बघायचा. ताईंनी आपल्या पत्रकात एक ओळ वाढवून टाकली, सुतारकाम, शिवणकाम, वायरिंग, काहीही येत असेल तर या.

अशाच एका सोमवारी त्याला बाहेरच्या बाकावर एक माणूस दिसला. पस्तिशीचा, खिशात टेस्टर अडकवलेला. वाचनालयातल्या बाईंचा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन. तो बहिणीला सोडायला येई आणि बाकावर बसे. पण बसे कसा, तर बाकाच्या अगदी कडेला, टाचा उचललेल्या, आता उठून पळेल असा. सोफावाल्याने ते तीन सोमवार बघितलं. माणूस कसा बसतो यावरून त्याला जे कळायचं, ते कळलं. आपणही त्याच बाकावर तसेच बसत होतो, हेही.

चौथ्या सोमवारी हत्यारांची पिशवी खाली ठेवून तो शेजारी जाऊन बसला. पिशवीचा बंद त्याने बांधला आणि पुन्हा सोडला. मग सोफावाला म्हणाला, "डॉक्टरांनी तुम्हालाही विचारलं असेल."

भाऊ दचकला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीने सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. त्यांनी चकार शब्द काढलेला नाही."

भावाने हात चोळले. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणाला. काम असं, की दिवसभर शिडीवर. आई रोज काही बोलत नाही पण बघते. बायकोही काही बोलत नाही पण तीही बघते. एकीचं बघणं हो म्हणायला लावतं आणि दुसरीचं नाही म्हणायला.

सोफावाल्याच्या ओठांवर आलेलं मागे गेलं. पुन्हा आलं. एवढ्या वर्षांत त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता या अनोळखी माणसाला का सांगावं, तेही त्याला कळत नव्हतं. पण त्याने सांगितलं. आठ महिने, ऑर्डरी, डॉक्टरांनी दिलेलं पाणी, सगळं. अडखळत, मधेमधे थांबत. भाऊ खाली मान घालून ऐकत होता.

"म्हणजे मी द्यावी असं तुम्हाला म्हणायचंय," शेवटी तो म्हणाला.

"नाही," सोफावाला म्हणाला. "ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी तुम्ही वाईट होत नाही. मला भीती वाटली, त्याचं मला आता एवढं वाटत नाही. भीती कुणाला वाटत नाही? पण मी ती कुणालाच सांगितली नाही. डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही. तिलासुद्धा सांगितलं नाही, की बाई, मी घाबरलोय. दोघं एका घरात राहून तिने एकटीने वाट बघितली आणि मी एकट्याने टाळलं. ते वाईट झालं."

भावाने खिशातला टेस्टर काढून पुन्हा अडकवला. मग उठला आणि दार ढकलून आत गेला. सोफावाल्याने डोकावून बघितलं नाही. सिस्टरांनी नंतर सांगितलं, की तो बहिणीच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसला होता, दोघं हळू आवाजात बोलत होते आणि मधे एकदा दोघंही हसले.

पुढच्या आठवड्यात भाऊ डॉक्टरांकडे दोन पानं प्रश्न घेऊन गेला. शिडीवर कधी चढता येईल, इथपासून. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली, काहींना आम्हालाही नक्की माहीत नाही असंही सांगितलं. मग तो तपासण्यांना उभा राहिला. आणि तपासणीत निघालं, की त्याच्याच रक्तात साखर वाढायला लागली आहे. त्याची किडनी घेता येणार नव्हती. आत्ता सापडलं हे बरं झालं, डॉक्टर म्हणाले, वेळेत काळजी घेतली तर तुमच्यावर खुर्चीत बसायची वेळ येणार नाही.

सोफावाल्याला हे वाचनालयातल्या बाईंकडूनच कळलं. त्या नेहमीच्या खुर्चीत, हात पन्हाळीत ठेवून बसल्या होत्या. त्याचा चेहरा पडलेला बघून त्याच याला समजवायला लागल्या. माझं नाव किडनी मिळायच्या यादीत आहेच, म्हणाल्या. कुणाची तरी मिळेल, नाहीतर ही खुर्ची आहे. "पण तो आता बाहेर बसत नाही हो, काका. आत येतो. त्याला काय वाटतं ते सांगतो. गेलं वर्षभर आम्ही फक्त हवापाण्यावर बोलत होतो."

त्या रविवारी सोफावाला लेकीकडे गेला. नातू खेळायला बाहेर पळाला, जावई बाजारात गेले होते. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. सोफावाल्याने समोरची चादर उचलून तिचं एक टोक धरलं, लेकीने दुसरं, आणि चादर मधे ताणलेली असताना त्याने सांगून टाकलं. आठ महिने मी टाळत होतो. नंतर गेलो, तेव्हा उशीर झाला होता.

लेकीने चादरीची सुरकुती झटकली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही घाबरलात ते. आईने सांगितलं होतं. म्हणाली, बाबांना काही बोलू नकोस, त्यांना जमणार नाही आणि ते स्वतःला खात बसतील." तिने आपलं टोक त्याच्या टोकाला आणून लावलं. "मी दोन वर्षं रागावले होते, बाबा. तुमच्यावरही आणि तिच्यावरही. तिने मला देऊ दिली नाही आणि तुम्हाला मागितलं नाही. पण तुम्ही तपासायला गेला होतात, हे मला नव्हतं माहीत."

"तिलाही नव्हतं."

"सांगायला हवं होतंत," लेक म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, पण तिने ते मऊही केलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि त्याला दुसरी चादर दिली. उरलेल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या दोघांनी मिळून घातल्या. निघताना ती म्हणाली, पुढच्या रविवारीही या. त्याआधी तो सठीसहामासी जायचा.

ताईंच्या कानावर बाकावरची गोष्ट गेलीच. भावानेच सांगितली होती. त्यांनी सोफावाल्याला वर बोलावलं आणि विचारलं, की दर बुधवारी सकाळी दोन तास मागच्या खोलीत बसाल का? ज्यांच्या घरात किडनी देण्याचा प्रश्न आलाय त्यांच्यासाठी. औषधांचं डॉक्टर सांगतील, त्यातलं काही तुम्ही बोलायचं नाही. कुणाला द्या म्हणायचं नाही, देऊ नका म्हणायचं नाही. नुसतं बसायचं. एक पोस्टमन आहेत, त्यांनी सहा वर्षांपूर्वी बायकोला किडनी दिली आहे, तेही येतील. सोफावाला म्हणाला, मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ताई म्हणाल्या, म्हणूनच विचारते आहे.

पहिल्या बुधवारी कुणी आलं नाही. त्याने खोलीतल्या तीन खुर्च्यांचे पाय घट्ट केले आणि तो घरी गेला. दुसऱ्या बुधवारी दहा वाजून गेल्यावर दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगावर बँकेच्या पहारेकऱ्याचा गणवेश, टोपी हातात. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, एवढंच म्हणाले आणि बसले. सोफावाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. ते टोपी गोल गोल फिरवत राहिले. वीस मिनिटं कुणीच काही बोललं नाही, आणि सोफावाल्याला त्या गप्प बसण्याचं काही ओझं वाटलं नाही.

मग त्यांनी मान वर केली. "फार दुखतं का हो?"

"मला नाही माहीत," सोफावाला म्हणाला. "मी दिलेली नाही. माझी गोष्ट वेगळी आहे, ऐकायची असेल तर सांगीन. पण ज्यांनी दिली आहे ते पोस्टमन अकरा वाजता येतात. त्यांना विचारू. काय काय विचारायचंय ते तोवर लिहून काढू या का?"

पहारेकऱ्याने टोपी मांडीवर ठेवली आणि खिशातून पेन काढलं.